कोड डेटाबेसात, नाव स्क्रीनवर: फील्डचा टाइप ठरवायचा कसा

कळंगुट-बागा पट्ट्यात रेंट-अ-बाइकचा धंदा करणाऱ्या कुणाचंही सॉफ्टवेअर उघडून बघा, गाड्यांच्या टेबलात 'स्टेटस' नावाचा कॉलम असणारच आणि त्यात १, २, ३, ९ असले आकडे. ज्याने लिहिलं त्याला पाठ असतं की १ म्हणजे गाडी उभी आहे, २ म्हणजे भाड्याने गेली, ३ म्हणजे गॅरेजला आणि ९ म्हणजे विकली. काउंटरवरच्या पोराला मात्र स्क्रीनवर नुसता ३ दिसतो, मग मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटते, आणि नवीन पोरगा आला की चिठ्ठी वाचायला शिकवणं हे वेगळं काम होऊन बसतं.

असल्या फील्डला, म्हणजे कॉलमला, टाइप कुठला द्यायचा, इंटिजर (पूर्णांक) की टेक्स्ट (अक्षरं) की इनम (आधी ठरवलेल्या यादीतली एकच किंमत) की बूलियन (हो किंवा नाही) की सरळ वेगळं टेबल, हा प्रश्न बरेच जण टेबल बनवताना दोन सेकंदांत उरकतात आणि नंतर दोन वर्षं निस्तरत बसतात. खाली मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस हे दोन डेटाबेस धरून लिहितोय, कारण इथल्या छोट्या धंद्यांची कामं बहुतेक त्यावरच असतात, आणि जिथे मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसचा संबंध येतो तिथे तेही.

आधी एक गोष्ट डोक्यात वेगळी करा. साठवायचं काय आणि दाखवायचं काय हे दोन वेगळे निर्णय आहेत. साठवतो तो कोड, तो बारीक असावा, बदलू नये, आणि मशीनला आवडेल असा असावा. दाखवतो ते नाव, ते मालकाला कधीही बदलावंसं वाटू शकतं, 'गॅरेजमध्ये' ऐवजी 'दुरुस्तीला' लिही म्हणेल, तर एका जागी बदलून काम व्हायला पाहिजे. फील्डचा टाइप ठरवताना बघायचं ते कोडचं वागणं. ही यादी ठरवतं कोण, म्हणजे तुम्ही, मालक की सरकार? यादी वाढते किती वेळा? आणि टेबल उघडून कच्चा डेटा कोण वाचणार आहे? एवढं कळलं की टाइप जवळजवळ आपोआप ठरतो.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते आकड्यासारख्या दिसणाऱ्या कोडांत. आकडा दिसला की इंटिजर, असा हात वळतोच. जीएसटीचा राज्य कोड घ्या, गोव्याचा ३०, महाराष्ट्राचा २७, कर्नाटकचा २९, त्यामुळे इथल्या इथे बिलं करत असाल तर इंटिजरमध्ये काही बिघडत नाही, वर्षभर छान चालतं. मग जम्मूचा एखादा गिऱ्हाईक येतो, त्याचा कोड ०१, आणि तुमच्या टेबलात पडतो नुसता १. जीएसटी नंबरच्या १५ अक्षरांतली पहिली दोन हा राज्य कोड असतो, तर तुमची 'पहिली दोन अक्षरं राज्याशी जुळतात का' ही तपासणी तिथे आपटणार.

आणि आपल्याकडे तर हे अजून लवकर होतं, कारण गोव्यात ज्या मालाची बिलं होतात त्यातला बराचसा शून्यापासूनच सुरू होतो. काजूचा एचएसएन, म्हणजे जीएसटीच्या बिलावरचा मालाचा कोड, ०८०१, त्यात सोललेल्या अख्ख्या काजूगराचा आठ आकडी कोड ०८०१३२२०, सालासकट काजूबीचा ०८०१३१००, आणि मासळीचं सगळं प्रकरणच ०३. इंटिजर ठेवलात की ०८०१ चा ८०१ होतो, आणि मग कुणीतरी छपाईच्या वेळी पुढे शून्य चिकटवणारा फंक्शन लिहितो, तो चार आकडी कोडांना बरोबर चालतो आणि आठ आकडी आला की गोंधळ घालतो, कारण मूळ कोड किती लांबीचा होता हेच आता कुणाला माहीत नाही. एचएसएन चार, सहा किंवा आठ आकडी वापरतात, म्हणून सरळ व्हारकॅर ८, म्हणजे आठ अक्षरांपर्यंतचं टेक्स्ट, द्या आणि विषय संपवा. मायएसक्यूएलमध्ये पुढे शून्य भरून दाखवणारी झिरोफिल नावाची सोय होती, पण ती फक्त दिसण्यापुरती, आत आकडाच असतो, आणि आता ८.० च्या आवृत्तीपासून ती डेप्रिकेटेड, म्हणजे 'आता वापरू नका' म्हणून जाहीर केलेली, आहे, तिच्या नादी लागू नका.

याची कसोटी सोपी आहे. या दोन किमतींची बेरीज केली तर काही अर्थ निघतो का? भाड्याचे दिवस, लिटर, रुपये, निघतो. पणजीचा पिनकोड ४०३००१ आणि मडगावचा ४०३६०१ यांची सरासरी काढली तर? काही नाही. ज्याची बेरीज होत नाही तो आकडा नाही, ते आकड्यांनी लिहिलेलं नाव आहे, टेक्स्टमध्ये ठेवा.

इथे एक पोटभानगड आहे ती एक्सेलची. डेटाबेसात तुम्ही व्हारकॅर दिलं, छान, पण मालक सीएसव्ही फाइल डबलक्लिक करून एक्सेलमध्ये उघडतो, सेव्ह करतो आणि परत पाठवतो, तेवढ्यात सगळे पुढचे शून्य गायब. इम्पोर्ट करताना तो कॉलम टेक्स्ट म्हणून घ्यायला शिकवा, किंवा फाइल आत घेताना लांबी तपासा, तीन किंवा पाच किंवा सात आकडी एचएसएन आला की तिथेच थांबवा. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वापरत असाल तर अजून सावध, तिथे कॉलम इंटिजर म्हणून जाहीर केलाय आणि तुम्ही टेक्स्ट म्हणून ०८०१ घातलं तरी तो काही न बोलता ८०१ करून ठेवतो.

गाडीच्या नंबरातला आरटीओ कोडही तसाच. जीए-०३ म्हापसा, ०५ फोंडा, ०६ वास्को. हा दोन अक्षरांचा टेक्स्ट. कॅर २ (पक्क्या लांबीचं टेक्स्ट) द्या की व्हारकॅर २, खरं सांगायचं तर फरक पडत नाही, पोस्टग्रेसमध्ये कॅर दिल्याने काही वेगही वाढत नाही, उलट लांबी कमी पडली तर मागे स्पेस भरून ठेवतो आणि ते नंतर जुळवताना डोकेदुखी होते. मी व्हारकॅरच देतो.

आता बूलियन. हो की नाही, एवढंच असेल तर जरूर वापरा. हेल्मेट दिलं का, डिपॉझिट परत केलं का. पण 'गाडी उपलब्ध आहे का' याला बूलियन देऊ नका, कारण आज दोन अवस्था दिसतात, उद्या तिसरी उगवते. मग लोक काय करतात, त्यात नल, म्हणजे रिकामी किंमत, घालून तिसरा अर्थ काढतात, नल म्हणजे गॅरेज, आणि सहा महिन्यांनी दुसरा कुणी क्वेरी लिहितो 'उपलब्ध नसलेल्या गाड्या दाखव' आणि गॅरेजमधल्या गाड्या त्यात येतच नाहीत, कारण नल हा खोट्याच्या बरोबर नसतो. मायएसक्यूएलमध्ये तर बूलियन असा वेगळा टाइप नाहीच, ते टायनीइंट १ चं दुसरं नाव आहे, आणि त्यातला १ बघून एकच आकडा मावतो असं समजू नका, त्यात उणे १२८ ते १२७ काहीही बसतं. माहिती नसणं आणि लागू नसणं हे खरंच वेगळे अर्थ असतील तर त्यांना स्वतःचे कोड द्या. आयएसओ ५२१८ या मानकात लिंगासाठी तेच केलंय, ० माहीत नाही, १ पुरुष, २ स्त्री, ९ लागू नाही, चार वेगळे कोड, नलवर काही सोडलेलं नाही.

इनमबद्दल लोकांची मतं टोकाची असतात. माझं मत असं की इनम वाईट नाही, पण यादी बदलायची तर प्रोग्रामही बदलावाच लागेल अशा ठिकाणीच तो शोभतो. पेमेंट आलं, फेल झालं, परत केलं, अशी अवस्था वाढली तर तुम्हाला प्रोग्राम लिहावाच लागणार आहे, मग टेबलही बदला. पण मालकाच्या मर्जीने वाढणारी यादी इनममध्ये कोंबू नका. आमच्याकडे जून लागला की टुरिस्ट आटतात आणि बऱ्याच गाड्या ताडपत्री घालून मागच्या अंगणात जातात, तेव्हा मालक म्हणतो 'पावसाळ्यात झाकलेली' असं एक स्टेटस टाक ना. त्याच्यासाठी चालू टेबलाची रचना बदलायची? फोन करून तुम्हाला बोलवायचं? तालुक्यांचंही तेच, अकराच राहणार असं धरून ज्यांनी यादी पक्की बांधली होती त्यांना धारबांदोडा बारावा झाल्यावर टेबल उकरावंच लागलं असणार.

इनम वापरायचाच असेल तर त्याच्या खोड्या माहीत करून घ्या. मायएसक्यूएल आतमध्ये प्रत्येक किमतीला १ पासून नंबर देतो आणि सॉर्टही त्याच नंबराने करतो, अक्षरानुसार नाही. त्यामुळे यादी बनवताना ज्या क्रमाने लिहिली त्याच क्रमाने रिपोर्ट येतो, काही वेळा तेच हवं असतं, बहुतेक वेळा नसतं. आणि इनमच्या किमती म्हणून आकडे अजिबात ठेवू नका. हे जवळून बघण्यासारखं आहे: समजा इनममध्ये तीन किमती आहेत, '०', '१' आणि '२'. आता तुम्ही अवतरणचिन्हाशिवाय २ घातलात तर मायएसक्यूएल त्याला दुसऱ्या क्रमांकाची किंमत समजतो, आणि दुसऱ्या क्रमांकावर आहे '१'. म्हणजे घातलं दोन, पडलं एक, एरर नाही, वॉर्निंग नाही. अवतरणचिन्हात '२' घातलात तर बरोबर पडतं. आणि '३' घातलं तर, अशी किमतच नाही, म्हणून तो परत त्याला क्रमांक धरतो आणि तिसऱ्या जागेवरचा '२' ठेवतो. असलं काही बिलाच्या कॉलमात झालं तर शोधणार कोण.

पोस्टग्रेसचा इनम त्यापेक्षा कडक, चुकीचं घातलं तर सरळ नाकारतो. पण त्यात नवीन किंमत घालता येते, नाव बदलता येतं, काढून मात्र टाकता येत नाही, काढायची तर नवा टाइप बनवून कॉलम त्यावर हलवावा लागतो. आणि मराठीत लेबलं लिहिणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट: तिथे इनमच्या एका किमतीला ६३ बाइट्सची मर्यादा आहे, देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइट्स खातं, मात्रा आणि अनुस्वार वेगळे धरून, म्हणजे २१ चिन्हांत संपलं. 'पावसाळ्यासाठी झाकून ठेवलेली' यातच ती मर्यादा ओलांडते, मोजून बघा.

मग राहिलं लुकअप टेबल, आणि दहातल्या आठ वेळा उत्तर हेच असतं. एक छोटं टेबल, 'गाडी_स्टेटस' म्हणा. त्यात कोड, मराठी नाव, कोकणी नाव, इंग्रजी नाव, क्रम, आणि चालू आहे की बंद. गाड्यांच्या टेबलात फक्त कोड, आणि दोघांच्या मध्ये फॉरेन की, म्हणजे छोट्या टेबलात नसलेला कोड आत घेऊ न देणारा दुवा. स्क्रीनवर दाखवायचं असेल तेव्हा जॉइन, म्हणजे कोडवरून दोन टेबलं जोडून नाव आणणं. तीन भाषांची नावं तीन कॉलमांत ठेवली म्हणून कुणी नाक मुरडेल, शुद्ध पद्धतीने भाषेसाठी अजून एक टेबल हवं म्हणेल, पण बिल मराठीत, पावती इंग्रजीत आणि फलक कोकणीत, एवढ्यावर गोव्यातलं काम भागतं, उगाच टेबलं वाढवू नका. रशियन टुरिस्टांसाठी चौथा कॉलम लागला तर लागला.

कोड कसा असावा? सरकारने दिलेला असेल तर तो जसाच्या तसा, शून्यासकट. आपण बनवायचा असेल तर मी आकड्यांऐवजी एक-दोन रोमन अक्षरं घेतो, ए म्हणजे अव्हेलेबल, आर म्हणजे रेंटेड, जी म्हणजे गॅरेज, एस म्हणजे सोल्ड. कच्चं टेबल उघडलं तरी अंदाज येतो, आणि वेगाची काळजी असेल तर ती सोडा, इंटिजर ४ बाइट्स घेतो, एका अक्षराचा व्हारकॅर २, कुणाच्या धंद्यात एवढ्या गाड्या आहेत की हे मोजत बसावं. फक्त लक्षात ठेवा, मायएसक्यूएल नेहमीच्या सेटिंगमध्ये लहान-मोठं रोमन अक्षर एकच मानतो, पोस्टग्रेस मानत नाही, तिथे मोठी अक्षरंच चालतील असा चेक, म्हणजे अट, लावा. आणि चेक कन्स्ट्रेंट मायएसक्यूएलमध्ये ८.०.१६ पासूनच खऱ्या अर्थाने लागू होतो, त्याआधी तो लिहून घ्यायचा आणि दुर्लक्ष करायचा, बऱ्याच जुन्या होस्टिंगवर अजून तेच आहे.

कोड म्हणून देवनागरी शब्द मात्र नको. शब्द तोच असला तरी तो टाइप होतो वेगवेगळ्या तऱ्हेने, 'मडगाव' आणि 'मडगांव', 'बार्देश' आणि 'बार्देस', आणि 'ऱ्हा' मधला ऱ तर कधी एका चिन्हाने येतो, कधी र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी, डोळ्यांना सारखंच, डेटाबेसला वेगळं. रिपोर्टात एकाच तालुक्याच्या तीन ओळी दिसल्या की समजायचं कोडच्या जागी नाव साठवलंय.

फॉरेन की लावताना मायएसक्यूएल आडमुठा वागतो, दोन्हीकडचा टाइप तंतोतंत हवा, एकीकडे अनसाइन्ड (उणे आकडे न घेणारा) आणि दुसरीकडे साइन्ड असेल तर नाही, टेक्स्ट असेल तर कॅरेक्टर सेट आणि कोलेशनही (अक्षरांची तुलना करायचा नियम) जुळलं पाहिजे, एक टेबल जुन्या यूटीएफ-८ वर आणि दुसरं यूटीएफ-८ एमबी-४ वर असेल तर एरर येतो आणि तो वाचून काही बोध होत नाही. टेबलाचं इंजिन, म्हणजे आत डेटा साठवणारा भाग, मायआयसॅम असेल तर फॉरेन की स्वीकारल्यासारखी दाखवतो पण लावत नाही. एसक्यूलाइटमध्ये ती सहसा बंदच असते, प्रत्येक कनेक्शनला चालू करावी लागते.

नवीन शिकणारे हमखास करतात ती गोष्ट म्हणजे कोड लागत नाही म्हणून लुकअपमधून ओळ डिलीट करणं. कोड निवृत्त होतात, पण जुनी बिलं निवृत्त होत नाहीत. दमण आणि दीवचा जीएसटी कोड २५ होता, जानेवारी २०२० मध्ये दादरा-नगर हवेलीशी विलीन झाल्यावर तो प्रदेश २६ मध्ये गेला. पण २०१९ ची जी बिलं आहेत त्यांवर २५ च राहणार, ती छापली तर नाव दिसलं पाहिजे. म्हणून 'चालू की बंद' हा कॉलम. नव्या नोंदीच्या ड्रॉपडाउनमध्ये फक्त चालू कोड, जुनी नोंद दाखवताना सगळे. आणि जुनी नोंद एडिटसाठी उघडली तर तिचा बंद कोड ड्रॉपडाउनमध्ये दिसायला हवा, नाहीतर ड्रॉपडाउन आपोआप पहिल्या नावावर जाऊन बसतो आणि पोराने नुसतं सेव्ह दाबलं की दमणचा गिऱ्हाईक जम्मूला पोचतो.

उलटंही चालतं, दोन कोड आणि एकच नाव. जीए-०१ पण पणजी, जीए-०७ पण पणजी, ०२ आणि ०८ दोन्ही मडगाव. म्हणून नावाच्या कॉलमला युनिक (एकच नाव दोनदा येऊ न देणारी अट) लावू नका, आणि नावावरून उलटा कोड शोधणारा प्रोग्राम लिहू नका. ग्रुप करायचं ते कोडवर की शहरावर हे मालकाला विचारून ठरवा.

क्रम नावाचा कॉलम लोकांना फालतू वाटतो, पण तालुक्यांची यादी अकारविल्हे लावलीत की काणकोण पहिलं येतं आणि सासष्टी शेवटी, वाचणाऱ्याला मात्र पेडण्यापासून सुरू होऊन काणकोणला संपणारी, उत्तरेकडून दक्षिणेकडे येणारी यादी लगेच सापडते. क्रम १०, २०, ३० असा द्या, मध्ये घुसवायला जागा राहते.

जॉइनबद्दल एकच, पण महत्त्वाचं. दाखवण्यासाठी लेफ्ट जॉइन वापरा. इनर जॉइन वापरलात आणि एखाद्या गाडीचा कोड लुकअपमध्ये नसला तर ती गाडीच स्क्रीनवरून नाहीशी होते, कुणाला कळतही नाही. लेफ्ट जॉइनमध्ये नाव रिकामं दिसतं, तिथे 'अनोळखी कोड' आणि पुढे तो कोड छापा, म्हणजे काउंटरवरून ओरड येईल आणि दुरुस्ती होईल. एकदा हा जॉइन व्ह्यूमध्ये, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या क्वेरीत, बांधून ठेवा आणि रिपोर्ट लिहिणाऱ्यांना व्ह्यूच द्या.

सगळे कोड एकाच मोठ्या टेबलात ठेवायचे, प्रकार नावाचा कॉलम घालून, हा मोह टाळा. टेबलं कमी होतात हे खरं, पण मग स्टेटसच्या जागी तालुक्याचा कोड पडला तरी फॉरेन की काही बोलत नाही, कारण तिच्या दृष्टीने कोड आहे ना, झालं. छोटी दहा टेबलं परवडली. तसंच एका फील्डमध्ये '१,३,५' असे स्वल्पविरामाने कोड भरू नका. गाडीसोबत हेल्मेट, मोबाइल होल्डर, रेनकोट असं काय काय दिलं हे ठेवायचं तर गाडी आणि वस्तू यांच्या जोड्यांचं तिसरं टेबल करा. मायएसक्यूएलचा सेट टाइप यासाठी आहे, ६४ वस्तूंपर्यंत, पण एकेक वस्तू शोधायला आणि यादी वाढवायला तो त्रासच देतो.

ॲक्सेसवाल्यांनी लुकअप विझार्डपासून जपून. तो टेबलातच कॉलम असा करून देतो की साठवलेला असतो ३ आणि दिसतं 'गॅरेजमध्ये'. बघायला मस्त, पण क्वेरीत 'गॅरेजमध्ये' लिहून शोधलंत की काही सापडत नाही किंवा टाइप जुळत नाही म्हणून एरर, आणि माणूस तासभर स्पेलिंग तपासत बसतो. टेबलात कोड कोडसारखाच दिसू द्या, कॉम्बो बॉक्स फॉर्मवर लावा, कॉलम दोन, बाउंड कॉलम (ज्याची किंमत साठते तो) पहिला आणि पहिल्याची रुंदी शून्य. काम तेच होतं, टेबल खरं बोलतं.

आणि तुमच्याकडे आधीच आकड्यांनी किंवा हाताने टाइप केलेल्या नावांनी भरलेलं टेबल असेल तर एकदम टाइप बदलायला जाऊ नका. पहिल्यांदा बॅकअप. मग त्या कॉलमातल्या वेगवेगळ्या किमती आणि प्रत्येकीची मोजणी काढा, ही यादी बघूनच अर्धी कथा कळते, ३ आहे, '३ ' आहे शेवटी स्पेस असलेला, 'गॅरेज' आहे, 'ग्यारेज' आहे, रिकामं आहे. मालकासमोर बसून प्रत्येकापुढे नवा कोड लिहून घ्या, जे त्यालाही सांगता येत नाही त्यांना 'माहीत नाही' हा कोड. जुना कॉलम तसाच ठेवून शेजारी नवा कॉलम घाला, तक्त्याप्रमाणे भरा, आणि नव्या कॉलमात नल किती राहिले ते मोजा. शून्य आले की फॉरेन की लावा, प्रोग्राम नव्या कॉलमवर आणा. जुना कॉलम निदान एक सीझन जाऊ द्या, चवथ (गणेश चतुर्थी) आणि डिसेंबरची गर्दी पार पडली की मगच काढा.